कंटाळवाण्या माणसांवर प्रबंध

संध्या निकाळे रागावली की तिचा आवाज खाली जायचा. इतरांचा चढतो, तिचा उतरायचा. इतका, की ज्याच्यावर ती रागावली असेल त्याला ऐकायला पुढे वाकावं लागायचं. एम. ए.ला आमच्या वर्गातला एक मुलगा तिला सर्वांदेखत 'कोट्यातली' म्हणाला होता. ती त्याच्या बाकापाशी गेली आणि काहीतरी बोलली. तो वाकला, त्याने ऐकलं, आणि मग बराच वेळ तसाच वाकलेला राहिला. काय बोललीस, असं मी नंतर विचारलं. म्हणाली, "काही नाही. त्याचे मार्क विचारले."

हसताना मात्र तिला कसलंच भान राहायचं नाही. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात दुपारी पंख्यांच्या आवाजात सगळे पेंगत असायचे आणि कोपऱ्यातल्या टेबलावरून एकदम तिचं हसू फुटायचं. ग्रंथपाल काउंटरवर डस्टर आपटायचे. ती तोंडावर ओढणी दाबायची, पण खांदे हलतच राहायचे.

ती वाचायची एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज बायकांच्या कादंबऱ्या. नावाजलेल्या तर वाचायचीच, पण पुठ्ठे सुटलेल्या, कोणी कधी बाहेर न काढलेल्याही वाचायची. नायिकेचं लग्न कोणाशी झालं यात तिला फारसा रस नव्हता. तिला आवडायची त्यातली कंटाळवाणी माणसं. जेवणाच्या टेबलावर घोड्याच्या नालांबद्दल बोलत राहणारा म्हातारा कर्नल. स्वतःच्या सर्दीचा इतिहास मुळापासून सांगणारी आत्या. सूप गार झालं तरी ज्याची प्रार्थना संपत नाही असा पाद्री.

"बघ ना," ती मला म्हणायची, "हा माणूस टेबलावरच्या सगळ्यांना कंटाळा आणतोय आणि आपल्याला नाही आणत. हे कसं जमवलं असेल लेखिकेने? कंटाळा लिहायचा, पण वाचणाऱ्याला येऊ द्यायचा नाही."

मला तो प्रश्न तेव्हाही खरा वाटला होता. आता मी स्वतः शिकवते, तेव्हा तर फारच खरा वाटतो.

एकोणीसशे नव्व्याण्णव साली आम्ही दोघींनी एम. फिल.ला नाव घातलं. मार्गदर्शक दोघींनाही एकच मिळाले, दाते सर. सर खादीचा झब्बा घालायचे, वर्तमानपत्रात सामाजिक विषयांवर लिहायचे, विद्यार्थ्यांना घरी बोलावून चहा द्यायचे. कोणाशी वाकडं बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं वाचून कोणाला वाटेल की ते वाईट होते. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

दर शनिवारी ते आम्हाला विभागात बोलवायचे. विषय आखूड कसा करायचा हे शिकवायची त्यांची एक पद्धत होती. पाठकोऱ्या कागदावर मोठं वर्तुळ काढायचं, त्याच्या आत लहान, त्याच्या आत आणखी लहान, असं करत शेवटी पेन टेकवून एक ठिपका. "हा ठिपका म्हणजे तुमचा विषय," ते म्हणायचे. "तिथे पोचेपर्यंत घाई करायची नाही."

मला इंग्रजी कवितेतल्या निसर्गावर काम करायचं होतं. पहिल्या शनिवारी निसर्ग, मग ऋतू, मग शरद, असं करत दिवाळीच्या सुमारास मी पानगळीपाशी आले. दर वेळी सर विचारायचे: कोणत्या दशकातल्या कविता? पानगळ म्हणजे रंग की आवाज? झाडावरचं पान की जमिनीवरचं? मी गंगापूर रोडवर वाढलेली मुलगी. आमच्या दारात एक सीताफळाचं झाड होतं आणि इंग्लंडातला शरद मी दिनदर्शिकेवरच्या चित्राशिवाय कुठे पाहिला नव्हता. त्या पानगळीशी तुझा काय संबंध, असं मला सरांनी एकदाही विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही.

संध्याचा ठिपका सरांनी पहिल्याच शनिवारी काढला. वर्तुळं काढलीच नाहीत.

ती आपला विषय सांगायला लागली होती. कादंबऱ्या, जेवणाचं टेबल, लांबण लावणारी माणसं. सरांनी मान हलवत ऐकलं, थोडं हसलेही. मग पेनाचं टोपण काढून कोऱ्या कागदाच्या मधोमध ठिपका दिला आणि म्हणाले की हे सगळं छान आहे, पण तुझ्याकडे याहून मोठं काहीतरी आहे. दलित स्त्रियांची आत्मकथनं आता इंग्रजीत येऊ लागली आहेत. त्यातली वेदना. तिच्याइतक्या आतून त्यावर दुसरं कोण लिहिणार? सरांना स्वतःलाही लिहावंसं वाटतं, पण तो हक्क आपला नाही, हे ते जाणून आहेत.

संध्या म्हणाली की ती पुस्तकं तिने वाचली आहेत, आवडलीही आहेत, पण तिला त्यांच्यावर काम करायचं नाही.

"का?" सरांनी विचारलं.

"कारण मला दुसऱ्यावर करायचंय, सर."

सरांना ते कारण वाटलं नाही. ते हळुवारपणे म्हणाले, "संध्या, माणूस स्वतःपासून पळू बघतो. तसं करू नकोस."

बाहेर पडल्यावर शालिमारच्या बसस्टॉपपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालली. नाशिक रोडची बस आली. पायरीवर चढताना ती इतकं हळू बोलली की मला दांडा धरून तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला. "पळायला मी कुठे जाणारे? जेल रोडलाच जाणारे ना घरी."

पुढचे चार-पाच महिने मी एक विचित्र गोष्ट पाहिली. संध्या दर शनिवारी आपला विषय आणखी आखूड करून आणायची. विनोद सोडून फक्त लांबण लावणारी माणसं घेतली. सगळं शतक सोडून त्यातली मधली तीस वर्षं घेतली. बैठकीची खोली, चर्च, बाग सगळं सोडून फक्त जेवणाचं टेबल ठेवलं. सर म्हणतील ते सगळं ती करत होती. वर्तुळं स्वतःच काढत होती. सर दर वेळी तिच्या चिकाटीचं कौतुक करायचे आणि कागद उलटा करून तोच ठिपका पुन्हा द्यायचे. माझ्या विषयाला ते कवितेबद्दल प्रश्न विचारत. तिच्या विषयाला फक्त तिच्याबद्दल. वडील काय करतात, आजोबांचं गाव कोणतं, घरात जुन्या आठवणी कोण सांगतं. एकदा तिला त्यांनी विचारलं की लहानपणी पाणवठ्यावर कधी काही झालं होतं का. ती नाशिक रोडला कॉलनीत, नळाच्या पाण्यावर वाढलेली मुलगी. "सर, आमच्याकडे पाणी सकाळी सहाला येतं," ती म्हणाली, "आणि सगळ्यांशीच सारखं वाईट वागतं." सरांनी ते लिहून घेतलं. मला वाटतं, त्यांना त्यात वेदना दिसली असावी.

सरांच्या स्वतःच्या प्रबंधाचा विषय होता सतराव्या शतकातल्या इंग्रजी प्रार्थना-कविता. त्यांच्या घरी रोज सोवळ्यात पूजा व्हायची. येशू ख्रिस्ताशी तुमच्या घराण्याचा काय संबंध, हे त्यांना तेव्हा कोणी विचारलं असेल असं वाटत नाही.

हे एवढंच असतं तर राग एका बाजूला ठेवता आला असता. पण संध्याच्या घरीही तेच निघालं.

तिचे वडील रावजी निकाळे नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. उंच, शांत माणूस. बोलणं मोजकं, इस्त्री कडक. आई लताबाई अंगणवाडीत शिकवायच्या. आणि शेजारच्या गल्लीत राहणारे, आईचे भाऊ भिमाजी मामा. मामा म्हणजे कॉलनीचं भाषण. जयंती असो, बारसं असो, नवीन बोअरवेलचं उद्घाटन असो, मामा उभे राहिले की पोरं चपला शोधायला लागायची. मनाने सोन्यासारखा माणूस. कॉलनीतलं वाचनालय त्यांनी उभं केलं, आणि संध्याचं पहिलं इंग्रजी पुस्तक तिच्या हातात त्यांनीच ठेवलं होतं.

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. विषयाची गोष्ट निघाली आणि मामांनी ताट बाजूला सारलं.

"आपल्या पोरीनं इंग्रजी कशापायी शिकायचं?" ते म्हणाले. "आपलं जगाला कळावं म्हणून. गोऱ्यांच्या पंगतीतले जोक मोजायला नाय. त्या मास्तरला कळतं, तुला नाय कळत?"

दाते सरांना तिने उलगडून कारण दिलं नव्हतं, पण मामांना दिलं. त्यांच्या बोलण्याला वजन होतं, आणि तेच तिला झोंबलं. तिने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. हार घातलेला, निळ्या सुटातला तो फोटो त्या कॉलनीत प्रत्येक घरी असतो.

"त्यांनी लंडनला कशावर प्रबंध लिहिला, मामा?"

मामांनीही फोटोकडे पाहिलं.

"रुपयावर लिहिला. तुम्हीच सांगितलंय मला, दर वर्षी सांगता. तिथल्या कोणी त्यांना म्हटलं असतं, तुम्ही नका पैशावर लिहू, तुम्ही तुमच्या दुःखावर लिहा, तर?"

तिचा आवाज इतका खाली गेला होता की मामांना शेवटचे शब्द ऐकायला पाटावरून पुढे सरकावं लागलं. मग ते म्हणाले, "ते वेगळं होतं." सगळे हेच म्हणत होते. तिचं सोडून सगळ्यांचं वेगळं होतं.

रावजी तेवढा वेळ भात कालवत होते. त्यांनी विचारलं, "हसू येतं का त्या पुस्तकात?"

"येतं."

"मग वाच की."

तिने पुस्तक आणलं आणि उभ्या उभ्या मराठीत करत घोड्याच्या नालांवालं भाषण वाचून दाखवलं. कर्नल कुठेतरी घसरून मूळ मुद्द्यावर यायचा, पुन्हा घसरायचा. लताबाई आधी पदराआड हसल्या, मग उघड. "अगं, हा तर आपला भिमादादाच," त्या म्हणाल्या. मामा सगळ्यात मोठ्याने हसले. त्यांना तो दुसराच कोणीतरी वाटला होता. चौकातल्या गुरुजींचं नाव घेऊन ते म्हणाले, हुबेहूब.

त्याच हिवाळ्यात वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मी त्या कॉलनीत गेले आणि तिथली ती पद्धत पाहिली. पत्र्याच्या शेडखाली खुर्च्या, समोर टेबल, टेबलावर माईक. भाषण लांबलं, की रावजी उठायचे. स्टीलचा ग्लास पाण्याने काठोकाठ भरायचे आणि अदबीने, दोन्ही हातांनी, वक्त्यासमोर ठेवून परत जागेवर बसायचे. पाणी पिण्यासाठी नसायचं. ग्लास आला म्हणजे आवरा. कोणाचा अपमान नाही, कोणाला खाली बस म्हणणं नाही. समजणारे दोन वाक्यांत आवरायचे. न समजणाऱ्यासाठी रावजी थोड्या वेळाने दुसरा ग्लास आणायचे, आणि दुसरा ग्लास टेबलाला टेकला की माईक बंद.

त्या दिवशी मामांना दोन्ही ग्लास मिळाले. माईक गेल्यावरही ते बोलत राहिले. तेव्हा रावजी टाळ्या वाजवायला लागले, मागोमाग सगळी कॉलनी, आणि मामा हात जोडून, खूश होऊन, खाली बसले.

फेब्रुवारीत विद्यापीठाची समिती आली. तिच्यासमोर प्रत्येकाने उभं राहून आपला विषय सांगायचा आणि समितीने मंजूर करायचा, एवढंच काम होतं. पण एकदा जे मंजूर होईल ते होईल. नंतर बदलता येत नसे. संध्याने आपला विषय इंग्रजीत घोकून तयार केला होता. आदल्या शनिवारी सर तिला म्हणाले होते, "तू बोल, मी आहेच." तिला वाटलं होतं की अखेर ते नमले.

विभागाच्या लांब खोलीत समितीचे तिघे बसले होते. दोन पुण्याचे प्राध्यापक आणि एक कळवणच्या कॉलेजातल्या देवरे मॅडम. ठेंगण्या, जाड भिंगाच्या, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या. आम्ही भिंतीला लागून रांगेत. माझी पानगळ चहा येण्याआधीच मंजूर झाली. मग संध्या उभी राहिली. तिने तोंड उघडलं, आणि सर उठले.

"हिची ओळख मी करून देतो," ते म्हणाले. "ही संध्या निकाळे. हिने विषय निवडला नाही. विषयानेच हिला निवडलं."

आणि त्यांनी तो ठिपका समितीसमोर ठेवला. दलित स्त्रियांची आत्मकथनं, त्यातली वेदना. पिढ्यान्‌पिढ्यांचं मौन, त्या मौनाला आज फुटणारी वाचा. ते सुंदर बोलत होते. पुण्याचे दोघे माना हलवत होते. मौनाला वाचा फुटते आहे असं सर सांगत होते आणि जिला बोलायचं होतं ती त्यांच्या शेजारी अर्धवट उघड्या तोंडाने उभी होती. त्यांनी एकदा तिच्या खांद्याकडे हातही केला, चित्र दाखवावं तसा. मी माझ्या मंजूर झालेल्या कागदांची सुरळी इतकी आवळली की ती पुन्हा कधी सपाट झाली नाही.

संध्याने तोंड मिटलं. ती खोलीच्या कोपऱ्यात गेली. तिथे स्टुलावर पाण्याचा जग आणि ग्लास होते. तिने एक ग्लास काठोकाठ भरला, दोन्ही हातांनी आणला आणि सरांच्या समोर ठेवला. परत जाऊन जागेवर उभी राहिली.

त्या खोलीत मला एकटीला तो ग्लास वाचता येत होता.

सर थांबले. त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांचे डोळे भरून आले. हे मी वाढवून सांगत नाही, खरोखर भरून आले. त्यांनी ग्लास उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.

"माझ्या आजीच्या घरात," ते म्हणाले, "हे पाणी चाललं नसतं. आज तिचा नातू ते पितो आहे. याहून मोठं साहित्य कोणतं?"

पुण्याच्या एकाने टेबलावर हलकेच थाप मारून दाद दिली. आणि सर पुन्हा बोलायला लागले; आता पाण्याविषयी.

संध्या दुसऱ्यांदा कोपऱ्यात गेली. जग जवळजवळ रिकामा झाला होता. तिने तो तिरपा करून शेवटचं पाणी काढलं, ग्लास भरला आणि आणून पहिल्या ग्लासाशेजारी ठेवला. या वेळी ती परत गेली नाही. तिथेच थांबली.

"सर," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी तळाला गेला होता. समितीचे तिघेही नकळत पुढे वाकले. "हे पाणी प्यायला नव्हतं. आमच्या कॉलनीत भाषण लांबलं की वक्त्यापुढे ग्लास ठेवतात. आवरा म्हणून. दुसरा ठेवला की माईक बंद करतात."

सर उभेच होते, हात दुसऱ्या ग्लासाकडे निघालेला आणि मधेच थांबलेला.

देवरे मॅडमनी विचारलं, "आणि दुसऱ्या ग्लासानंतरही बोलत राहिला तर?"

"मग माझे वडील टाळ्या वाजवायला लागतात, मॅडम. मग सगळेच वाजवतात. मग बसतो."

देवरे मॅडमचा चेहरा हलला नाही, पण मांडीवरची पर्स त्यांनी टेबलावर ठेवली. "तुझा विषय तू सांग," त्या म्हणाल्या.

संध्याने सांगितला. घोकलेलं इंग्रजी बाजूला राहिलं, साध्या इंग्रजीत सांगितला. जेवणाचं टेबल, त्या तीस वर्षांतल्या बायकांच्या कादंबऱ्या, लांबण लावणारी माणसं. पुण्याच्या एकाने विचारलं की या विषयाशी तिची सामाजिक बांधिलकी काय. देवरे मॅडमनी त्यांच्याकडे हात करून थांबवलं आणि तिला विचारलं, "ही माणसं गप्प कशी बसतात? कोण बसवतं त्यांना?"

संध्या थबकली. हे तिला इतक्या महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं. ती आठवू लागली, एकेक टेबल डोळ्यांसमोर आणत असावी. मग तिचा आवाज थोडा वर आला.

"यजमान कधीच नाही बसवत," ती म्हणाली. "ज्यांना बोलायचा हक्क नसतो तेच बसवतात. लहान मुलगी काहीतरी सांडते. मोलकरीण मधेच कोळसे घालायला येते. घरात आश्रयाला असलेली गरीब बहीण दिवा विझवते."

"हा तुझा विषय," देवरे मॅडम म्हणाल्या. "कंटाळवाणी माणसं नाहीत, त्यांना थांबवणारी. बाकीचं काढून टाक."

एवढाच वेळ लागला होता. एक प्रश्न, आणि तो पुस्तकाबद्दल.

समितीने विषय मंजूर केला, पण सरांनी लगेच, अतिशय सभ्य शब्दांत सांगितलं की या क्षेत्रात त्यांचा अभ्यास नाही, तेव्हा मार्गदर्शन करणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. म्हणजे विषय मिळाला आणि मार्गदर्शक गेला. नाशिकमध्ये दुसऱ्या कोणाकडे जागा नव्हती. जागा होती देवरे मॅडमकडे, कारण कळवणला जाणार कोण?

व्हरांड्यात सरांनी मला गाठलं. ते खरंच दुखावले होते. "मी तिच्यासाठी काय नाही केलं," ते म्हणाले. "तू पाहिलंस ना? सगळ्यांसमोर मी ते पाणी प्यायलो."

"तहान लागली होती का, सर?" मी विचारलं.

त्यांना प्रश्न कळला नाही. माझा पुढचा सगळा प्रबंध त्यांच्याकडेच पुरा झाला आणि त्यांनी मला कधी त्रास दिला नाही. पण तो प्रश्न त्यांना कधीच कळला नाही, आणि माझा राग त्या दिवशी जिथे होता तिथेच अजून आहे.

संध्या कळवणला जाऊ लागली. जुन्या सीबीएसवरून एसटी, खिडकीशी बसायचं, मांडीवर पुस्तक. देवरे मॅडमचं घर कॉलेजच्या मागे होतं. त्यांचे यजमान निवृत्त मुख्याध्यापक. संध्या ओसरीवर टेकली की ते कांद्याच्या बियाण्याबद्दल सांगायला लागत आणि थांबत नसत. पहिल्या दिवशी मॅडम आतून चहा घेऊन आल्या, यजमानांकडे बघितलं आणि अहिराणीत म्हणाल्या, "दख, तुना विषय तं मना घरमाच शे." "बघ, तुझा विषय तर माझ्या घरातच आहे," हे संध्याने घरी येऊन सांगितलं तेव्हा जेल रोडच्या त्या दोन खोल्यांत रावजीसुद्धा आवाज करून हसले. मॅडम मुळीच गोड नव्हत्या. तिचं पहिलं प्रकरण त्यांनी तिच्यासमोर लाल करून टाकलं आणि पुन्हा लिहून आण म्हणाल्या. संध्या रडवेली होऊन परतली आणि तरी त्या दिवशी ती खूश होती. म्हणाली, "सबंध दिवसात त्यांनी माझं आडनावसुद्धा घेतलं नाही. फक्त चुका काढल्या."

दोन हजार एकमध्ये तिला एम. फिल. मिळालं. वाचनालयाने सत्कार ठेवला. प्रास्ताविक अर्थात भिमाजी मामांनी केलं. आपल्या भाचीने थेट इंग्रजांच्या जेवणाच्या टेबलावर जाऊन कसं संशोधन केलं, आणि हा विषय घे म्हणून आपणच तिला कसं बजावलं होतं, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. ग्लास घेऊन या वेळी संध्या गेली. मामांनी तिच्याकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा पहिल्याच ग्लासाला बसले.

आता ती निफाडच्या कॉलेजात शिकवते. मी आमच्याच कॉलेजात लागले. गेल्या वर्षी ग्रंथालयात एम. फिल.चे प्रबंध शोधत होते. माझी पानगळ इंग्रजी कवितेच्या कपाटात होती. तिचा प्रबंध इंग्रजी कादंबरीच्या कपाटात नव्हता. शेवटी सापडला तो खिडकीजवळच्या कपाटात. वर पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं: दलित साहित्य.

आत एकही पान त्या विषयाचं नाही. कण्यावर संध्याचं आडनाव आहे, एवढंच.

मी तिला फोन केला. कपाटाचं नाव सांगितलं. मग मला रिसीव्हर कानावर दाबून धरावा लागला. "काढून ठेव," ती म्हणाली.

मी काढून कादंबरीच्या कपाटात ठेवला. महिन्याभराने पुन्हा खिडकीजवळ. पुन्हा काढला, ग्रंथपालांना सांगितलं, ते बरं म्हणाले. परवा गेले तर परत तिथेच. मी प्रबंध घेऊन त्यांच्या काउंटरवर गेले. डस्टर आपटणारे तेच ग्रंथपाल, आता केस पांढरे झालेले. ते समजावू लागले. मॅडम, त्यात चूक काही नाही, मुलं नावावरून शोधतात, त्यांना सोयीचं जातं, उलट त्या समाजाला त्यात मानच आहे, आमच्याकडे पूर्वीपासून तशीच पद्धत आहे. ते बोलत राहिले. कोपऱ्यातल्या टेबलावर दुपारचं ऊन आलं होतं.

मी माठापाशी गेले, ग्लास काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी आणून त्यांच्यासमोर ठेवला.

"थँक यू, मॅडम," ते म्हणाले, आणि प्यायले. मग पुढे सांगू लागले.

मी रिकामा ग्लास उचलला आणि दुसऱ्यांदा भरायला माठाकडे निघाले.